पाणी, सावली आणि स्मरण: छत्रपती संभाजीनगरच्या हिरवाईचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरात सावली पाण्याच्या मागून आली. हे शहर दख्खनच्या काळ्या कातळावर वसले आहे. पाऊस वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दिवाळीनंतर टेकड्या पिवळ्या पडतात, होळीनंतर करड्या. अशा प्रदेशात मोठी बाग आपोआप उभी राहत नाही. कुणीतरी पाणी आणावे लागते, ते वर्षभर टिकवावे लागते आणि झाडे मोठी होईपर्यंत राखण करावी लागते. त्यामुळे या शहरातल्या हिरवाईचा इतिहास हा पाणी आणणाऱ्यांचा आणि त्या पाण्याशेजारी बसून विचार करणाऱ्यांचाही इतिहास आहे. घराजवळची हिरवाई माणसाच्या अवधानावर आणि स्मरणशक्तीवर काय परिणाम करते, हे आज प्रयोगशाळेत मोजले जाते. या शहरात विहार, तकिया (सूफी फकिरांचा मठ) आणि महाविद्यालय या तिन्ही विद्यास्थानांनी पाणी आणि झाडांचा शेजार धरला होता.

डोंगरातले विहार

शहराच्या उत्तरेला, बीबी का मकबऱ्यापासून साधारण दोन किलोमीटरवर, डोंगराच्या कड्यात बौद्ध लेणी आहेत. त्यांतले चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत जुने, तर बाकीची बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतली मानली जातात. भिक्षूंनी गावापासून फार दूर नाही आणि गावाच्या गजबजाटातही नाही, अशी जागा निवडली. भिक्षेसाठी खाली उतरता यावे आणि ध्यानासाठी वर परतता यावे, इतकेच ते अंतर. पाली ग्रंथांत ध्यानाला बसण्यासाठी अरण्य, झाडाचे मूळ आणि रिकामे घर या जागा पुन्हापुन्हा सांगितल्या आहेत. झाडाच्या बुंध्याशी बसण्याला तिथे ‘रुक्खमूल’ असा स्वतंत्र शब्दच आहे. चित्त एकाग्र करायचे तर परिसर कसा हवा, याचा विचार त्या परंपरेने फार आधी केला होता. सहाव्या शतकातला तो डोंगर आणि विसाव्या शतकात त्याच्या पायथ्याच्या बाजूला उभे राहिलेले नागसेनवन यांची गाठ पुढे पडते.

खडकीची नहर

सतराव्या शतकाच्या आरंभी इथे खडकी नावाचे लहान गाव होते. नावातच खडक. अहमदनगरच्या निझामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये या गावाला राजधानीचे रूप दिले. 1612 मध्ये त्याने बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. त्याची खरी करामत मात्र जमिनीखाली आहे. उत्तरेकडे हर्सूल आणि जटवाडा भागात डोंगरउतारावरचे पाणी जमिनीत मुरते. ते मुरलेले पाणी गोळा करून भूमिगत नळांनी शहरात आणायची योजना त्याने आखली. हीच नहर-ए-अंबरी. वाटेत ठिकठिकाणी साफसफाईसाठी तोंडे ठेवली आणि पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी मनोरे उभारले. कुठेही मोट नाही की रहाट नाही. डोंगराची उंची आणि शहराचा सखलपणा यांच्या बळावर पाणी वाहत राहिले.

1626 मध्ये मलिक अंबर वारला आणि त्याचा मुलगा फतेहखान याने गावाला फतेहनगर हे नाव दिले. मुघलांच्या ताब्यात आल्यावर, 1653 मध्ये शहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहर औरंगाबाद झाले. पहिल्या नहरीच्या जोडीला पुढे आणखी नहरी आल्या. मशिदींचे हौद, सरदारांच्या हवेल्या, सार्वजनिक पाणवठे आणि बागा या सर्वांना त्यांचे पाणी मिळू लागले. मोतीकारंजा, रोझाबाग, हिमायतबाग, गुलमंडी या नावांत तो काळ अजून शिल्लक आहे. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मंडी’ म्हणजे बाजार. आज कपड्यांच्या दुकानांनी आणि गर्दीने भरलेल्या चौकाला फुलांच्या बाजाराचे नाव आहे.

चारबाग आणि हिमायतबाग

मुघल बागेचा आराखडा ठरलेला असे. भिंतींनी बंद केलेला चौकोन, त्याचे पाण्याच्या पाटांनी केलेले चार भाग, मधोमध इमारत किंवा चबुतरा. याला चारबाग म्हणतात. कुराणातल्या स्वर्गवर्णनातल्या वाहत्या नद्यांची ती पृथ्वीवरची प्रतिमा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू 1657 मध्ये वारली. तिच्या स्मरणार्थ उभारलेल्या बीबी का मकबऱ्याची बाग सुमारे 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आहे. अताउल्ला हा त्याचा स्थापत्यकार आणि हंसपतराय हा अभियंता. ताजमहालाशी तुलना करण्याच्या नादात पाहुण्यांची नजर घुमटावरच राहते. परंतु या वास्तूत कबर आणि बाग एकाच कल्पनेचे दोन भाग आहेत. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची ती झाडे, पाणी आणि सावली यांच्या मध्यभागी, हा तिचा अर्थ.

हाच अर्थ खुलदाबादच्या जुन्या नावातही सापडतो. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे गाव पूर्वी ‘रौझा’ म्हणून ओळखले जाई. अरबीत रौझा म्हणजे बाग. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे तिथे आहेत आणि औरंगजेबाची साधी, उघड्यावरची कबरही तिथेच आहे. संतांच्या समाधीस्थळाला बाग म्हणण्याची ही पद्धत दख्खनमध्ये खोलवर रुजली.

शहराच्या उत्तरेस दिल्ली दरवाजाच्या बाजूला हिमायतबाग पसरली. शेजारी खिजरी तलाव होता. पुढे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव मिळून तो सलीम अली सरोवर झाला. हिमायतबागेत आता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. आंबा, चिंच, जांभूळ यांची जुनी झाडे आणि तलावाचा ओलावा एकत्र असल्याने शहराच्या या कोपऱ्यात पक्ष्यांची वर्दळ असते. बादशाही विश्रांतीसाठी राखलेली जागा पुढे कलमे, रोपे आणि शेतकऱ्यांचे प्रश्न यांच्या कामी आली.

पाणचक्की आणि तझकिरे

पाणी, सावली आणि विद्या ही तिन्ही एकाच आवारात सर्वांत स्पष्ट दिसतात ती पाणचक्कीत. खाम नदीकाठचे हे स्थान नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाभोवती वाढले. अठराव्या शतकाच्या मध्याला तुर्कताजखान या सरदाराच्या पुढाकाराने इथे पाण्यावर चालणारी चक्की झाली. काही किलोमीटरवरून नहरीने आलेले पाणी उंचावरून हौदात पडे आणि त्याच्या जोरावर जाते फिरे. त्या पिठावर यात्रेकरू आणि फकीर यांचे जेवण होई. हौदाखाली खांबांवर तोललेले एक दालन आहे. डोक्यावर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही गार राहते. आवारात विस्तीर्ण वड आहे. इथल्या ग्रंथालयात दुर्मीळ हस्तलिखिते होती. अशा रीतीने पोट, थंडावा आणि वाचन यांची सोय एका नहरीने केली होती.

या तकियात मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी (1704–1786) अनेक वर्षे राहिले. उत्तरेतल्या बिलग्रामहून आलेले हे विद्वान अरबी आणि फारसी या दोन्ही भाषांत लिहीत. त्यांच्या नावावर अनेक तझकिरे आहेत. तझकिरा म्हणजे कवींची चरित्रे आणि त्यांच्या निवडक रचना एकत्र करणारा ग्रंथ; शब्दाचा मूळ अर्थच ‘आठवण करून देणारा’ असा आहे. आझाद यांच्या एका तझकिऱ्याचे नाव ‘सर्व-ए-आझाद’, म्हणजे ‘मुक्त सुरू’. सुरूचे झाड आणि कवीचे नाव यांवर केलेली ती कोटी. याच काळात शहरात आणखी दोन तझकिरे लिहिले गेले. हमीद औरंगाबादी यांचा ‘गुलशन-ए-गुफ्तार’ (1752) म्हणजे बोलांची बाग, आणि लछमीनारायण शफीक यांचा ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ म्हणजे कवींचा बगीचा. आठवणी जपणाऱ्या ग्रंथांना बागेची नावे देणे ही फारसी रीत होती, पण नहरींच्या या शहरात ती उपमा दाराबाहेर पाहता येई.

स्मरणाचे काम किती नाजूक असते, हेही याच मंडळींनी पाहिले. दख्खनच्या आसफजाही निझामाचे दिवाण शाहनवाजखान यांनी ‘मआसिर-उल-उमरा’ हा मुघल सरदारांच्या चरित्रांचा प्रचंड ग्रंथ औरंगाबादेत लिहायला घेतला होता. 1758 मध्ये त्यांची हत्या झाली, घर लुटले गेले आणि हस्तलिखित विखुरले. आझाद यांनी ते शोधून एकत्र आणले आणि ग्रंथ वाचवला. मुघल इतिहासाच्या अभ्यासकांना आज तो ग्रंथ हाताशी आहे, त्यामागे पाणचक्कीच्या वर्तुळातल्या या विद्वानाची चिकाटी आहे.

ओहोटी

1763 मध्ये आसफजाही शासक निझामअलीने राजधानी हैदराबादला नेली. दरबार गेला, सरदार गेले, हवेल्यांचे मालक बदलले. नहरींची देखभाल हे रोजचे काम होते. गाळ काढणे, फुटलेले नळ जोडणे, झाडांची मुळे आत शिरू न देणे हे सारे माणसांवर आणि पैशावर चाले. दोन्ही आटले तसे पाणीही आटले. बागांच्या जागी हळूहळू शेती, वस्ती आणि मोकळी मैदाने आली. शहराच्या पश्चिमेला लष्करी छावणी वसली. तिथले सरळ, दुतर्फा झाडांचे रस्ते ही एकोणिसाव्या शतकाची देणगी. जुन्या गावातल्या गल्ल्यांत मात्र हिरवाई मशिदींच्या हौदांपुरती, वाड्यांच्या अंगणांपुरती आणि चौकातल्या पिंपळांपुरती उरली.

नागसेनवन

पुढचा मोठा टप्पा विद्येच्याच निमित्ताने आला. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीची पायाभरणी 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. पुढे महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली.

नावांची ही जोडी विचारपूर्वक केलेली होती. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरे देतो. राजाने प्रश्न विचारायचे, भिक्षूने न घाबरता उत्तर द्यायचे आणि पटले तरच मानायचे, हा त्या संवादाचा बाणा. त्यातला एक प्रश्न थेट स्मरणावर आहे: आठवण किती प्रकारांनी उपजते? नागसेन एकामागून एक प्रकार सांगतो. स्वतःच्या अनुभवाने, दुसऱ्याने सुचवल्याने, साम्यावरून, फरकावरून अशी ती यादी जाते. या संवादाचे नाव घेणारे महाविद्यालय ‘वना’त असावे, यामागे लेण्यांमधल्या विहारांची आणि झाडाखालच्या अध्ययनाची परंपरा होती. माळरानावर झाडे लावून ती जगवण्यावर बाबासाहेबांचा कटाक्ष होता. खेड्यापाड्यांतून, बहुतेक पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले या परिसरात राहिली आणि शिकली. या भूमीतून पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक निघाले आणि दलित साहित्याच्या चळवळीला व्यासपीठ मिळाले.

23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. लेण्यांच्या डोंगरापासून सोनेरी महालाच्या परिसरापर्यंतचा उतार विद्यापीठाच्या वाट्याला आला. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. आज परीक्षेच्या हंगामात विद्यापीठात झाडाखाली वही उघडून बसलेली मुले दिसतात, आणि पहाटे शेजारच्या गोगाबाबा टेकडीवर चढणाऱ्यांची रीघ लागते.

विज्ञान काय सांगते

झाडाखाली डोके शांत होते, हा अनुभव जुना. त्याचे मोजमाप मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतले. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. मिशिगन विद्यापीठातले रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी 1989 मध्ये यामागची मानसशास्त्रीय मांडणी पुस्तकरूपाने दिली. त्यांच्या मते अवधान दोन प्रकारचे असते. हिशेब, अभ्यास, वाहतुकीतून वाट काढणे यांसाठी जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते आणि ते थकते. हलणारी पाने, वाहते पाणी, पक्षी यांकडे लक्ष आपसूक जाते. त्या वेळात थकलेले अवधान विसावते आणि पुन्हा ताजे होते.

2008 मध्ये मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी तपासली. मिशिगनमधल्या विद्यार्थ्यांना एकदा वृक्षउद्यानात आणि एकदा शहराच्या गजबजलेल्या रस्त्यावर साधारण तासभर चालायला लावले. त्यानंतर ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणायची चाचणी घेतली. उद्यानातून आल्यावर आकडे अधिक लक्षात राहिले. हिवाळ्यात चालणे फारसे सुखावह नव्हते, तरी परिणाम दिसला. म्हणजे आनंद वाटणे आणि अवधान ताजे होणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

एका फेरफटक्याचा परिणाम आणि वर्षानुवर्षे हिरवाईजवळ राहण्याचा परिणाम यांचे प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी उपग्रहांची मदत घेतली जाते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात आणि जवळचा अवरक्त प्रकाश परतवतात. या फरकावरून एखाद्या घराभोवती किती हिरवाई आहे, याचा अंक काढता येतो. 2015 मध्ये बार्सिलोनातल्या 36 शाळांमधल्या 2,593 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेच्या आसपास हिरवाई जास्त असलेल्या मुलांची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, वर्षभरात अधिक वाढली. त्यातला बराच वाटा वाहनांच्या धुरातले कार्बनकण कमी असण्याचा होता. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासातून 2018 मध्ये असे दिसले, की हिरव्या वस्तीत राहणाऱ्यांची बौद्धिक क्षमता दहा वर्षांत थोड्या संथ गतीने ओसरली. एडिनबर्गमध्ये 1936 साली जन्मलेल्या लोकांच्या नोंदींतूनही, लहानपणी आणि पुढे घराजवळ उद्याने असल्याचा संबंध सत्तरीनंतरच्या कमी घसरणीशी जोडता आला.

निष्कर्षांत फरकही आहेत. अमेरिकेतल्या साडेतेरा हजारांहून अधिक परिचारिकांच्या 2022 मधल्या अभ्यासात हिरवाईचा संबंध विचारांचा वेग आणि अवधान यांच्याशी दिसला. नवे शिकणे आणि कार्यकारी स्मृती यांच्याशी मात्र दिसला नाही. शिवाय सधन माणसे हिरव्या वस्तीत घर घेऊ शकतात, त्यामुळे फरक झाडांचा की पैशांचा हे वेगळे काढणे कठीण जाते. एकूण पुराव्याचा कल असा: हिरवाईचा पहिला परिणाम अवधानावर होतो आणि स्मरणाला तिचा लाभ त्याच वाटेने पोचतो. लक्ष देऊन ऐकलेले आणि वाचलेलेच पुढे आठवते. त्याखेरीज गोंगाट आणि धूर कमी होणे, पायांना चालण्याची सवय लागणे, झोप सुधारणे, शेजाऱ्यांशी गाठभेट होणे ही साधी कारणेही मेंदूच्या कामी येतात.

हे बहुतेक संशोधन पश्चिमेतल्या ओल्या, थंड शहरांतले आहे. मराठवाड्यात सप्टेंबरमधला उपग्रहाचा अंक आणि एप्रिलमधला अंक यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इथे उन्हाळ्यात हिरवीगार राहणारी जागा म्हणजे जुनी, खोल मुळांची झाडे किंवा पाणवठ्याचा काठ. चाळीस अंशांच्या उन्हात गवताच्या हिरवळीपेक्षा वडा-चिंचेची सावली अधिक उपयोगी पडते.

आजचे शहर

1970च्या दशकात सिडकोने नवे नगर आखायला घेतले, 1976 मध्ये पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी पुढे शहराला मिळाले आणि चिकलठाणा, वाळूज येथे कारखाने आले. 1982 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या काळातल्या सिद्धार्थ उद्यानाला आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयाला सुट्टीच्या दिवशी झुंबड असते. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या जवळ पोचली होती. पाणी पैठणहून पंपांनी वर चढून येऊ लागले आणि उतारावर भिस्त ठेवणाऱ्या नहरींचे महत्त्व उरले नाही. त्यांच्यावर रस्ते आणि घरे आली. अलीकडे खाम नदीचे पात्र साफ करून काठावर झाडे आणि बसायच्या जागा करण्याचे काम सुरू झाले आहे. 2023 मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले.

औरंगपुरा ते सिडकोपर्यंत ठिकठिकाणी अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले तिथे दहा-बारा तास बंद खोलीत बसतात. त्यांना लागणारी क्षमता नेमकी तीच, जी थकते आणि झाडांजवळ ताजी होते. बार्सिलोना आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांचा रोख रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या हिरवाईवर आहे: शाळेचे आवार, गल्लीच्या तोंडाशी असलेले झाड, चालत जाण्याच्या अंतरावरची बाग. मकबऱ्याच्या चारबागेला किंवा हिमायतबागेला वर्षातून एकदा दिलेली भेट त्या हिशेबात मावत नाही. नहर-ए-अंबरीची आखणीही याच तत्त्वाची होती. एका मोठ्या तलावावर ती थांबली नाही. पुऱ्या-पुऱ्यांतल्या हौदांपर्यंत, मशिदींपर्यंत आणि बागांपर्यंत तिचे फाटे गेले आणि त्या फाट्यांच्या टोकाशी सावली उभी राहिली.